वस्तादांचा नंबर उतरेना : टेक्सासात टीम रोपिंग शिकताना

टीम रोपिंग म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रोडिओ म्हणजे काउबॉय लोकांच्या घोड्यांवरच्या आणि गुरांबरोबरच्या खेळांची स्पर्धा, त्यातले बाकीचे मुख्य खेळ एकट्याचे, हा एकच दोघांचा. दोन घोडेस्वार, दोघांच्या हातात दोर आणि समोर सुसाट पळणारा एक शिंगाळा स्टीअर, म्हणजे खच्ची केलेला तरणा बैल. डावीकडून सुटतो तो हेडर, तो शिंगात फास टाकतो, दोराचे वेढे खोगिराच्या पुढच्या खुंटाला, म्हणजे हॉर्नला देतो (याला डॅली म्हणतात) आणि घोडा डावीकडे वळवतो, स्टीअर त्याच्यामागे ओढला जाऊन वळला की उजवीकडून आलेला हीलर मागच्या दोन्ही पायात फास टाकतो, तोही डॅली करतो, दोन्ही दोर ताठ झाले, दोन्ही घोडे समोरासमोर आले की पंच झेंडा खाली टाकतो आणि घड्याळ थांबतं. एकच पाय सापडला तर ५ सेकंद दंड. स्टीअरला ठरलेली आघाडी न देता हेडर आधीच सुटला तर १० सेकंद दंड. हेडरने वळवायच्या आधीच हीलरने फास टाकला तर सगळंच बाद. २००९ च्या नॅशनल फायनल्सला (व्यावसायिक रोडिओची वर्षअखेरची अंतिम स्पर्धा) लास वेगसमध्ये चॅड मास्टर्स आणि जेड कॉर्किल या जोडीने हा सगळा कार्यक्रम ३.३ सेकंदात उरकला होता. तुम्हाला हा परिच्छेद वाचायला त्याच्या दहापट वेळ लागला असेल.

आता मी यात कुठून आलो? मी मूळचा इस्लामपूरकडचा, शिरवळला व्हेटर्नरी केलं, मग इकडे येऊन एमएस, आणि सध्या टेक्सासात स्टीफनव्हिलच्या आसपासच्या डेअऱ्यांना गाईंच्या खाद्याचा सल्ला देतो. फोर्ट वर्थच्या नैर्ऋत्येला तास-सव्वा तासावर हे गाव आहे, दुधासाठी नावाजलेलं, पण गावाला विचाराल तर ते स्वतःला 'जगाची काउबॉय राजधानी' म्हणवतं आणि ते काही उगाच नाही, रोडिओतले एवढे व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या कुठल्या छोट्या गावात सापडायचे नाहीत. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये घोड्यांचे ट्रेलर उभे, बँकेत तुमच्या पुढे रांगेत उभा असलेला बारीक माणूस वर्ल्ड चॅम्पियन निघू शकतो. इथे यायचं कारण सोपं आहे, हिवाळा फारसा कडक नाही, जमीन मोकळी, सराव करायला कुणा ना कुणाचा अरेना (कठडा घातलेलं मैदान) रोज संध्याकाळी चालू असतोच आणि गाडी काढली की चारी दिशांना हायवे.

ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांचं नाव लिहिणार नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात ते हीलर म्हणून फिरत होते, नॅशनल फायनल्सला गेलेले आहेत, कितीदा ते सांगितलं तर इथलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. मी मनातल्या मनात त्यांना वस्ताद म्हणतो. आमच्याकडे तालमीत जो माणूस स्वतःची कुस्ती संपल्यावर लाल मातीच्या कडेला उभा राहून पोरांना ओरडतो तो वस्ताद, आणि हे गृहस्थ अरेनाच्या कठड्याला टेकून नेमकं तेच करत असतात.

ओळख झाली ती चाऱ्यावरून. रोपिंगला जे स्टीअर वापरतात ते कोरिएन्टे जातीचे, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरांचे वंशज, बहुतेक मेक्सिकोतून आलेले. अंगाने हलके, पायाने चपळ, शिंगं बाजूला वळलेली. या जनावराला चांगलंचुंगलं खायला घातलं तर ते अंगावर धरतं, जड होतं आणि पळायचं बंद होतं, आणि कमी घातलं तर हाडं दिसतात आणि फास बसल्यावर इजा व्हायची भीती. वस्तादांचे स्टीअर तेव्हा एकाच कळपात काही लठ्ठ तर काही खंगलेले असे झाले होते. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेलो, दांडगे आणि दुबळे वेगळे करायला लावले, गवताचा नमुना तपासायला पाठवला, पेंडीचं प्रमाण बदललं. पैशाचा विषय निघाला तर म्हणाले रोख देतो नाहीतर दोर शिकवतो. मी म्हटलं दोर.

फाटकावरच टेक्सासच्या कायद्याची पाटी होती. शेतातल्या जनावरांमुळे इजा किंवा मृत्यू झाला तर अरेना चालवणारा जबाबदार नाही, अशा अर्थाची, इथे सगळ्या अरेनांवर असते. शिवाय एक कागद सही करायला. बायकोने तो कागद वाचला आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

सुरुवातीला घोडा नाहीच. जमिनीवर उभं राहून प्लॅस्टिकच्या डमीवर फास टाकायचा, तासन् तास. हीलरचा दोर साधारण ३५ फूट, हेडरचा त्याहून थोडा आखूड आणि मऊ, कारण शिंगाला तो पटकन गुंडाळला पाहिजे, हीलरचा दोर मात्र ताठर लागतो, फास जमिनीवर पायांपुढे उभा राहिला पाहिजे, लोळला की संपलं. दोर ठेवायला गोल डबा असतो, दमट हवेत दोर फुगतो आणि ऊन लागलं की लुळा पडतो म्हणून. त्या डब्यात बेबी पावडर टाकलेली. पन्नाशी-साठी उलटलेले, तंबाखू चघळणारे, चेहऱ्यावर चिरा पडलेले लोक डबा उघडतात आणि आजूबाजूला तान्ह्या बाळाचा वास पसरतो, याची मला अजून सवय झालेली नाही.

आणि मग अंगठा. वस्तादांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला आणि सांगितलं की बाकी काही शिकला नाहीस तरी चालेल पण हे शीक. डॅली करताना हात वरून हॉर्नभोवती घड्याळाच्या उलट फिरवायचा आणि अंगठा कायम वर, आकाशाकडे. एका टोकाला पाचशे पाउंडाच्या आसपासचा स्टीअर झेप घेतोय, दुसऱ्या टोकाला अकरा-बाराशे पाउंडाचा घोडा थांबतोय आणि मध्ये हॉर्न, त्या हॉर्न आणि दोराच्या मध्ये बोट सापडलं तर ते कापलं जात नाही, उपटलं जातं. कापलेलं बोट डॉक्टर जोडू शकतात, उपटलेल्याच्या शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या आतून खेचल्या जातात, त्यामुळे जोडणं फार अवघड. जेक बार्न्स, सात वेळचा वर्ल्ड चॅम्पियन हेडर, जन्मभर रोज हेच केलेला माणूस, त्याचा अंगठा २००५ च्या नॅशनल फायनल्समध्ये सगळ्यांसमोर गेला. आणि तो नंतर परत खेळला! वस्ताद म्हणतात, जेकला जर होऊ शकतं तर तू कोण.

मला घोडा नवीन नव्हता, शिरवळला थोडी मांड बसली होती, पण एका हातात लगाम आणि दोराची वेटोळी, दुसऱ्या हातात डोक्यावर फिरणारा फास, आणि खाली घोडा स्वतःच्या अकलेने स्टीअरच्या मागे लागलेला, हा वेगळाच मामला. इथले घोडे क्वार्टर हॉर्स जातीचे. चांगला हील घोडा स्वाराला काही विचारत नाही. स्टीअर वळला की तो आपला आपण कोपरा कापतो, नेमक्या जागी नेऊन ठेवतो आणि दोर पडला की मागचे पाय जमिनीत रोवून बसतो, त्या वेळी तुम्ही पुढे झुकलेले असाल तर हॉर्न थेट पोटात. माझ्या बरगडीखाली बरेच दिवस निळं होतं.

जिवंत स्टीअरच्या आधी एक मशीन असतं, चार चाकी मोटरसायकलमागे ओढायचं, त्याचे मागचे पाय उड्या मारल्यागत हलतात. त्यावर वस्तादांनी मला तालावर आणलं. हीलिंगचं गमक सगळं तालात आहे. हेडरने ओढत नेलेला स्टीअर मागचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत येतो, तुमचा फिरता फास आणि त्याची उडी एका तालात आली पाहिजे, आणि पाय हवेत असताना फास त्यांच्या पुढ्यात उभा राहिला की ते आपसूक आत येतात. मग घाई न करता दोर वर खेचायचा आणि डॅली. वस्ताद कठड्यावरून ओरडायचे, शिंगांकडे काय बघतोस, पाय, पाय बघ! लिओ कॅमारिओ आणि त्याच्या घरच्यांनी १९७० च्या दशकात हीलिंग कसं बदलून टाकलं हे ते जेवता जेवता काट्याचमच्याने ताटात दाखवायचे. तो लिओ त्यांचा देव.

या सगळ्यात हळूहळू त्यांच्या फिरतीच्या वर्षांच्या गोष्टी कळत गेल्या आणि मला खरं नवल त्याचंच वाटलं. माझी समजूत होती की व्यावसायिक खेळाडू म्हणजे कुणीतरी पगार देत असेल, निदान कुणीतरी भत्ता. काही नाही. पीआरसीए ही व्यावसायिक रोडिओची मुख्य संघटना, तिचं कार्ड मिळवायला आधी परमिट काढून ठरावीक बक्षीस जिंकून दाखवावं लागतं, आणि कार्ड मिळाल्यावर काय मिळतं तर प्रत्येक रोडिओला स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरायचा हक्क. हरलात तर फी गेली, डिझेल गेलं, घोड्याचा खुराक गेला. मुळात ही संघटनाच पैशाच्या भांडणातून निघाली, १९३६ ला बॉस्टनमध्ये काउबॉइजनी संप केला की आमची फी बक्षिसाच्या रकमेत धरा म्हणून. तेव्हा नाव होतं काउबॉइज टर्टल असोसिएशन, कासवं, कारण एकत्र यायला फार वेळ लावला असं म्हणतात.

वर्षाचा हिशोब १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला बंद. जिंकलेला डॉलर म्हणजेच गुण. वर्षअखेर पहिले १५ हेडर आणि पहिले १५ हीलर डिसेंबरात नॅशनल फायनल्सला लास वेगसला जातात, हे सगळं १९८५ पासून तिथेच असतं, फक्त २०२० ला कोविडमुळे टेक्सासात आर्लिंग्टनला झालं. दहा रात्री दहा राउंड. आजकाल तिथे एक राउंड जिंकला तर एका माणसाला तीस हजार डॉलरच्या वर मिळतात, त्यामुळे सगळी धडपड त्या पंधरात येण्यासाठी. हिवाळ्यात डेन्व्हर, फोर्ट वर्थ, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन, आणि ४ जुलैच्या आठवड्याला म्हणतात काउबॉय ख्रिसमस, तेव्हा एवढे रोडिओ एकावर एक असतात की ॲरिझोनात प्रेस्कॉट, मग कोलोराडोत ग्रीली, वर वायोमिंगला कोडी, मोंटानात रेड लॉज, लिव्हिंग्स्टन, दिवसरात्र गाडी हाणायची, एकाने चालवायची, एकाने मागे झोपायचं, घोड्यांना दर काही तासांनी उतरवून पाणी. नाव नोंदवायचं फोन करून, त्या काळी पेट्रोलपंपावरच्या पब्लिक फोनवरून नाणी टाकत, आणि नंबर कधी लागेल ते सोडतीवर. लागला तर रात्री गर्दीसमोर, नाहीतर सकाळच्या स्लॅकमध्ये, जिथे प्रेक्षक म्हणून कुणाची तरी आई आणि दोन कुत्री. वस्ताद सांगतात, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फास मी सकाळी आठ वाजता रिकाम्या स्टँडसमोर टाकला आणि तरी सहावा आलो.

जोडीदाराचा तर वेगळाच अध्याय. दोघांची फी, दोघांचा खर्च, पण एकाचा फास चुकला की दोघांचं शून्य. जेक बार्न्स आणि क्ले ओब्रायन कूपर यांनी १९८५ ते १९८९ सलग पाच आणि मग १९९२ आणि १९९४ अशा सात वेळा जग जिंकलं, स्पीड विल्यम्स आणि रिच स्केल्टन यांनी १९९७ ते २००४ सलग आठ वेळा. वस्तादांचं म्हणणं ही माणसं कुशल तर होतीच पण मुख्य म्हणजे एकमेकांना वैतागली नाहीत, किंवा वैतागली तरी गाडीतून उतरली नाहीत. त्यांचे स्वतःचे हेडर बदलत गेले, एकाशी अजून बोलत नाहीत, कारण विचारलं तर म्हणतात मॉन्टानातला एक स्टीअर. बास, एवढंच.

जमाखर्च मांडला तर चांगल्या वर्षीही व्यवहार आतबट्ट्याचाच. आणि त्यात एक मेख आहे जी तरुणपणी कुणी बघत नाही. स्वतःचा धंदा म्हणून कर भरताना सगळा खर्च वजा केला की निव्वळ कमाई जवळपास काही उरत नाही, कर वाचला म्हणून खूश व्हायचं, पण म्हातारपणाची सोशल सिक्युरिटी त्या निव्वळ कमाईवर ठरते. म्हणजे वीस वर्षं देशभर धावलेल्या माणसाच्या नावावर सरकारदरबारी किरकोळ जमा. जखमी होऊन घरी बसावं लागलं तर १९८९ पासून जस्टिन काउबॉय क्रायसिस फंड आहे, तो खरोखर मदत करतो, पण पेन्शन वगैरे प्रकार नाही. वस्तादांचं घर चाललं ते त्यांच्या मिसेसमुळे. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आरोग्य विमा त्यांच्या नोकरीतून, घराचा हप्ता त्यांच्या पगारातून. हे वस्ताद न लाजता सांगतात, आणि त्या बाई ते ऐकताना मान वर करून बघतही नाहीत.

मग सोडल्यावर काय? इथेच तो नंबराचा खेळ येतो आणि मला वाटतं टीम रोपिंग कळायचं असेल तर लास वेगसपेक्षा हे नंबर समजून घ्यावेत.

१९९० च्या सुमाराला डेनी जेन्ट्री नावाच्या माणसाने युनायटेड स्टेट्स टीम रोपिंग चॅम्पियनशिप्स काढली आणि गोल्फसारखी हँडिकॅप पद्धत पक्की बसवली. प्रत्येक रोपरला नंबर, नवशिक्याला अगदी खालचा, जगातल्या सर्वोत्तमांना नऊ-दहा. हेडिंगचा वेगळा, हीलिंगचा वेगळा. स्पर्धा जोडीच्या बेरजेवर, म्हणजे समजा साडेआठची स्पर्धा असेल तर दोघांची बेरीज साडेआठच्या वर जाता कामा नये. झालं, या एका युक्तीने दंतवैद्य, ठेकेदार, डेअरीवाले, निवृत्त पोलीस, सगळे रोपर झाले. कारण आता त्यांना चॅम्पियनशी नाही, आपल्यासारख्याच माणसाशी लढायचं होतं. आणि पैसा? डिसेंबरात लास वेगसलाच या नंबरवाल्यांच्या टीम रोपिंगच्या वर्ल्ड सिरीजची फायनल असते, तिथे खालच्या नंबरची हौशी जोडी एका दुपारी लाखाच्या वर डॉलर घेऊन जाते. व्यावसायिक खेळाडू वर्षभर गाडी हाणून जेवढं कमावतो तेवढं एखादा प्लंबर एका दुपारी.

साहजिकच नंबर खाली ठेवण्यासाठी लोक काय काय करतात! मुद्दाम एक पाय सोडतात, छोट्या स्पर्धेत फास हुकवतात. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात मिशा फुटलेली पोरं उतरवतात त्यातलाच प्रकार. नंबर ठरवणारे निकाल बघत असतात, वाढवतात, मग आरडाओरडा.

आणि या सगळ्या खालच्या नंबरवाल्यांना तीन गोष्टी लागतात, चुका पोटात घालणारा घोडा, शिकवणारा माणूस आणि सरावाला जनावरं. तिथे वस्तादांसारख्यांचं दुसरं आयुष्य सुरू होतं. त्यांचा दिवस पहाटे घोड्यांवर जातो, तीन-चार वर्षांचं कच्चं घोडं घ्यायचं, दोनेक वर्षं घडवायचं आणि डॅलसकडच्या कुणा पैसेवाल्याला विकायचं. स्वतः खेळायच्या काळात त्यांच्याकडे असा घोडा क्वचितच असायचा, असला तरी पैसे लागले की विकावा लागायचा. दुपारी एखादा शिकणारा, महिन्यातून कधी तीन दिवसांची शाळा, गुरुवारी रात्री दिव्यांखाली छोटी जॅकपॉट स्पर्धा, म्हणजे सगळ्यांच्या फीतूनच बक्षीस. नोव्हेंबर ते मार्च बरेच जण ॲरिझोनात विकेनबर्गला जातात, तिथे थंडीभर रोज कुठे ना कुठे रोपिंग आणि उत्तरेकडून आलेल्या पेन्शनर लोकांची नुसती जत्रा. स्पीड विल्यम्ससारखे तर आता ऑनलाइन व्हिडिओवर शिकवतात. वस्तादांना कॅमेरा दाखवला की घुम्यागत गप्प होतात, त्यामुळे तो मार्ग बंद.

पण स्वतः खेळायचं म्हटलं तर? हीच तर गोम. खांदा गेलेला, गुडघा बदललेला, अंगठा अर्धा, पण नंबर अजून वरचाच. वयामुळे उतरवतात, अर्ज करावा लागतो, निकाल बघितले जातात, पण उतरतो तो अर्ध्या अर्ध्याने. आमच्या बेरजेत ते बसत नाहीत आणि वरच्या स्पर्धेत पंचविशीतली पोरं सहा सेकंदांच्या आत उरकून मोकळी. वॉल्ट वुडार्डचं उदाहरण लोक लगेच तोंडावर फेकतात, त्याने १९८१ ला हीलिंगचा वर्ल्ड जिंकला आणि परत २००७ ला, बावन्नाव्या वर्षी, मध्ये २६ वर्षांचं अंतर! वस्ताद म्हणतात वॉल्ट हा वॉल्ट आहे, माझा गुडघा त्याला विचारून चालत नाही. मला वाटतं त्यांना न खेळण्याचं दुःख तेवढं नाही जेवढं या अधांतरी लटकण्याचं आहे. ज्यांना ते शिकवतात ते सगळे दर शनिवारी कुठेतरी खेळायला जातात आणि हे स्टीअर मोजत घरी.

माझी पहिली जॅकपॉट शेजारच्या काउंटीत झाली. नियम असा की पहिला स्टीअर पकडला तरच दुसरा मिळणार. उजव्या बॉक्समध्ये, म्हणजे सुटायच्या कप्प्यात, घोडा मागे लावून उभा राहिलो, हेडरने मान हलवली, स्टीअर कोंडलेल्या पिंजऱ्याचं, म्हणजे शूटचं, दार खाडकन उघडलं. हीलरने आधी स्टीअरला उजवीकडे येऊ द्यायचं नसतं, त्याच्या बाजूने सरळ रेषेत धरून ठेवायचं, मग हेडरने वळवला की कोपरा. माझा घोडा, म्हणजे वस्तादांचा म्हातारा घोडा, माझ्या आधी कोपऱ्यात पोचलेला होता. फास टाकला, वर खेचला, दोन पाय! डॅलीला अंगठा वर आहे ना हे मी चक्क वळून बघितलं, त्यात सेकंदभर गेला आणि आम्ही बक्षिसाच्या जागी आलो नाही, पण दुसरा स्टीअर मिळाला. त्याचा एकच पाय.

आईला व्हिडिओ पाठवला होता. तिचा पहिला प्रश्न, त्या मुक्या जनावराचे पाय कशाला ओढता रे? प्रश्न रास्त आहे आणि मी व्हेटर्नरीचा माणूस असल्याने माझ्या मनातही होताच. शिंगांच्या बुडाला जाड पट्टे बांधतात, दोर ताठ झाला की झेंडा पडतो आणि लगेच ढील देतात, एका स्टीअरला दिवसात किती फेऱ्या द्यायच्या यावर वस्ताद कडक आहेत. तरी जनावराच्या मर्जीने काही चाललेलं नसतं, हे खरंच. हे काम मुळात रानात मोठ्या जनावराला औषध द्यायला, डाग द्यायला दोघांनी धरायचं म्हणून सुरू झालं, आणि आमच्या भागातल्या डेअऱ्यांबाहेरच्या कुरणांवर अजून तसंच धरतात, मी स्वतः पाय सडलेली गाय अशी धरून इंजेक्शन दिलंय. वडिलांनी मात्र एवढंच विचारलं, घोडा कितीला? आमच्याकडे २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हा ते गुलाल लावून घरी आले होते, त्यांच्याकडून प्राणिदयेची अपेक्षा नाही.

मग वस्तादांनीच एक वाट शोधली. हीलिंगचा नंबर उतरत नाही ना, मग हेडिंग करायचं. ते आयुष्यभर हीलर, त्यामुळे हेडिंगचा नंबर बराच खाली, आणि माझा खालचा नंबर मिळवून आम्ही दोघं छोट्या जॅकपॉटच्या बेरजेत बसायला लागलो. साठी ओलांडलेला माणूस नवशिक्यासारखा डमीच्या शिंगांवर फास टाकताना मी बघितलाय, आणि चुकला की स्वतःलाच शिव्या, ज्या मी इथे लिहू शकत नाही. त्यांचा हेडिंगचा फास अजून नीट बसत नाही, डोक्यात पाय भरलेले असल्यामुळे वळवायला ते उशीर करतात, आणि आता मागून मी ओरडतो, वळवा, वळवा! एकदा आम्ही तिसरे आलो. चेक घेताना त्यांनी माझा वाटा तिथेच माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला, आणि गाडीत बसल्यावर डिझेलचे अर्धे परत मागितले.

सध्या अडचण जनावरांची आहे. मेक्सिकोत स्क्रूवर्म माशीचा प्रादुर्भाव वर सरकत आला, जखमेत अंडी घालणारी माशी, म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने तिकडची गुरं घ्यायचं थांबवलं, मध्ये थोडं उघडलं आणि २०२५ च्या मे महिन्यात परत बंद. कोरिएन्टे स्टीअरचे भाव वर गेले ते गेलेच. पूर्वी जड झालेला स्टीअर विकून नवीन आणायचे, आता आहे तोच सांभाळायचा, म्हणजे माझ्या चाऱ्याच्या तक्त्याला परत भाव आलाय, आणि शिकवणीची फी फिटली असं वस्ताद काही म्हणत नाहीत.

कुणी डॅलस-फोर्ट वर्थकडे राहत असाल आणि नुसतं बघायचं असेल तर फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्स (जुना गुरांचा बाजार) भागातल्या काउटाउन कोलिझियममध्ये शुक्रवारी-शनिवारी रात्री रोडिओ असतो, पोरांना घेऊन जा. बसताना शूटच्या बाजूला, हीलरच्या बॉक्सजवळ बसा, समोरून सगळे हेडरचा फास बघतात आणि पाय कधी सापडले ते कळतच नाही. आणि शिकायचंच असेल तर घोडा घ्यायची घाई करू नका, दोर आणि डमी शंभर-दोनशे डॉलरात येतं, चार महिने अंगणात हात बसवा. शेजारी बघतात, बघू देत.